पाळ चालणारी झेलाबाई

किती वर्षं झाली ते आता कोणी नीट सांगू शकत नाही. तेव्हा आमच्या मोहबोडीला सडक नव्हती. जंगल गावाच्या कुंपणापर्यंत यायचं, आणि दिवस मावळला की माणसं दाराला आगळ घालायची. तेव्हाची ही गोष्ट आहे. मी माझ्या मोठ्या आईकडून ऐकली, तिनं तिच्या सासूकडून ऐकली. तुम्ही आता माझ्याकडून ऐका.

गाव दोन टेकड्यांच्या मध्ये बसलेलं. टेकड्यांतून येणारा नाला अडवून मालगुजारानं तलाव बांधला होता. मालगुजार म्हणजे गावाचा मालक. तलाव त्याचा, तलावातले मासे त्याचे, आणि पाणी अडवून धरणारी मातीची पाळही त्याचीच. पाळ केवढी? दोन ताडांइतकी उंच. आणि लांब इतकी की एका टोकावरून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला नुसता आवाज पोचायचा, शब्द पोचायचे नाहीत. तिच्यात चुना नव्हता, दगड नव्हता. बायकांनी डोक्यावरून वाहिलेली आणि बैलांनी तुडवलेली नुसती माती. त्या पाळीच्या बरोबर खाली गाव होतं. चुलीपाशी बसलेल्या बाईनं दारातून वर पाहिलं तर तिला आभाळाआधी पाळ दिसायची.

पाळीच्या पोटात, शेतांना पाणी सोडायचं एक लहान दार होतं. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडायचं आणि बंद करायचं काम मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सुकरूकडे होतं. त्या सुकरूशी लग्न होऊन झेला या गावात आली.

वरात पाळीवरूनच आली. अर्ध्या वाटेत नवरीनं बैलगाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि अनवाणी चालू लागली. वऱ्हाडी हसले. थोडं पुढं जाऊन ती एका जागी थबकली, पाय दोनदा आपटला आणि म्हणाली, "इथं खाली पोकळ हाय."

सासरच्या गावात नवरीनं बोललेला हा पहिला शब्द. बाकीचे आणखी हसले, पण सुकरू हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिथं खणलं, तर घुशीचं बीळ निघालं. आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला आणि तरी टेकला नाही. सुकरूनं ते बीळ चिखलमातीनं भरलं, वरून मोगरीनं ठोकलं आणि घरी येऊन बायकोला विचारलं, "तुले कसं समजलं?"

"पायाले समजलं," झेला म्हणाली.

झेलाच्या पायांना मातीतलं ऐकू यायचं, असं म्हणतात. आपल्याला कानांनी पावलं ऐकू येतात, तिला पावलांनी पाणी ऐकू यायचं. खेकड्यानं कुठं पोखरलंय, मुंग्यांनी कुठं वारूळ धरलंय, कुठली माती कोरडी होऊन भेगाळली आहे, हे ती चालता चालता सांगायची. पण त्या पायांना स्वस्थता नव्हती. झेलाला कोणी मांडी घालून बसलेलं पाहिलं नाही. ती उभ्यानं जेवायची, उभ्यानं धान पाखडायची. एकदा पाटलाघरच्या पंगतीत तिला बळेच बसवलं. पहिला घास घेतला आणि ती ताडकन उठली, पानावरून तशीच पाळीकडे धावली. तुडमाच्या बाजूला माती खचत होती. लोक तिला भिंगरी म्हणायचे. कोणी प्रेमानं म्हणायचं, कोणी वैतागून.

तिचं माहेर कुठलं, ते ती सांगायची नाही. फार विचारलं तर म्हणायची, "नाई आता ते गाव." एवढंच.

दिवस गेले. झेलाला एक मुलगी झाली, सायत्रा. सायत्रा सहा वर्षांची असताना सुकरू तापानं गेला. तेव्हाच्या म्हाताऱ्या मालगुजारानं तुडमाचं काम झेलाकडे दिलं. तो माणूस जाणता होता. तो म्हणायचा, "पाळ माझी हाय, पन तिची नाडी झेलाच्या हाती हाय."

आता पाळीचं काम म्हणजे काय, ते सांगतो. मातीची पाळ थोडी झिरपतेच. पायथ्याशी कुठं ना कुठं ओल असते, पाण्याची बारीक धार असते. त्याला घाबरायचं कारण नाही. झेला रोज सकाळी ते पाणी काशाच्या वाटीत धरायची आणि उजेडात बघायची. वाटीचा तळ दिसला म्हणजे पाणी एकटंच येतंय. तळ दिसला नाही, म्हणजे पाणी येताना पाळीची माती घेऊन येतंय. माती निघाली की आत वाट होते, वाट झाली की पाणी जोर करतं. झेलाच्या वाटीचा तळ दहा वर्षं दिसत राहिला.

मग म्हातारा मालगुजार वारला आणि त्याचा मुलगा हरबाजी मालक झाला.

हरबाजी वाईट माणूस नव्हता, हे ध्यानात ठेवा. गोष्ट सांगताना लोक त्याला वाईट करून टाकतात, पण तसं नव्हतं. त्याला गावाचं भलंच करायचं होतं. पाळीच्या उत्तर टोकाला सांडवा होता. तलाव भरला की जादा पाणी तिथून निघून, गावाला वळसा घालून नाल्याला मिळायचं. हरबाजीला वाटलं, एवढं पाणी वाया जातं. त्यानं सांडव्यावर दगडांची दोन हात उंच भिंत बांधली. तलावात दोन हात पाणी जास्त राहू लागलं. उन्हाळ्यातही शेतं हिरवी राहू लागली. गावानं हरबाजीचा जयजयकार केला. सांडव्याखालची पाण्याची वाट कोरडी पडली, तर हरबाजीनं तिथं धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेतं, पाडल्या आणि गावातल्या सात बिनजमिनीच्या घरांना वाटून दिल्या. त्या सात घरांत सायत्राचं घर होतं. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.

सगळं गाव सुखात होतं. एकट्या झेलाच्या जिवाला चैन नव्हतं.

ती हरबाजीच्या दारात गेली. "मालक, भिंत काढा. पाळीले इतकं पानी पेलत नाई."

"दोन वर्सं पेललं ना, झेला?"

"दोन वर्सं पाऊस लहान होता. आनि पाळीवरचं ते मोहाचं झाड वाळलं, तुम्ही कापून नेलं, पन मुळ्या आतच हायेत. त्या सडून रायल्या. सडल्या म्हनजे नळ्या होतात. ते खोड खनून काढा, माती भरा, ठोकून घ्या."

"बरं. पाहू पुढं."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेली. महिनाभर रोज गेली. हरबाजी जेवत असला तर दारात उभी राहायची, पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर सांगायची. एकदा त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. झेलानं त्यांच्यासमोर सांगितलं की या पाळीखाली सोयरीक करायची तर आधी पाळ बघून या. हरबाजीचा तोल सुटला.

"तलाव माझ्या बापाचा, पाळ माझी!" तो ओरडला. "उद्यापासून तू पाळीवर पाय ठेवायचा नाई!"

झेला म्हणाली, "तलाव तुमचा, मालक. पाळ तुमची. पन पाळ फुटली तर पानी कोनाचं?"

त्याचा राग आणखी वाढला. त्यानं तुडमाचं काम दुसऱ्याला दिलं आणि पाळीच्या दोन्ही टोकांना माणसं बसवली. गावात कोणी तिच्या बाजूनं बोललं नाही. सायत्रासुद्धा म्हणाली, "माय, काऊन जी इतकं? लोक मले हासतात."

झेलानं पाळ सोडली. मग ती पाळीखालून चालू लागली. पायथ्याच्या चिखलातून, लव्हाळ्यातून, दिवसातून दोनदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथं चालायला कोणी मनाई केली नव्हती. वाटेत तिला कोणी हटकलं तर ती थांबायची नाही, चालता चालताच बोलायची.

त्या वर्षी श्रावण संपता संपता झड लागली. आठ दिवस पाऊस हटला नाही. तुडूम पूर्ण उघडलं, पण त्या एवढ्याशा दारानं किती पाणी जाणार! तलाव चढत चढत पाळीच्या माथ्याला पोचायला हातभरच उरलं. सांडव्याच्या भिंतीवरून नुसती पातळ चादर वाहत होती. नवव्या दिवशी पोळा होता. दुपारी पाऊस जरा थांबला, आणि गाव आनंदलं. बैलांच्या शिंगांना गेरू लागला, गळ्यात घुंगरमाळा आल्या, पाळीखालच्या आखरावर, गुरं गोळा करायच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं.

पण बैल उभे राहीनात. तोरणाखाली आणलं की मागं सरायचे, मान झटकायचे. शेवटी सगळ्या बैलांनी पाळीकडे पाठ केली आणि टेकडीकडे तोंड करून उभे राहिले. एक नाही, दोन नाही, गावातल्या साठ जोड्या एकाच दिशेला. असं म्हणतात, त्या वेळी एकाही घुंगराचा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात झेला आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काशाची वाटी. गर्दीनं वाट दिली. तिनं वाटी हरबाजीसमोर धरली.

"मालक, तळ दिसते का?"

हरबाजीनं पाहिलं. वाटीतलं पाणी बैलांच्या शिंगांना लावलेल्या गेरूसारखं लाल होतं.

"पावसाचं पानी गढूळच असते," तो म्हणाला.

"पावसाचं पानी वरून येते. हे पाळीच्या पोटातून येऊन रायलं. मोहाच्या खोडाच्या बरोबर खाली. सकाळी करंगळीएवढी धार होती, आता मनगटाएवढी हाय. भिंत पाडा, मालक. आत्ता."

सगळं गाव हरबाजीकडे बघत होतं. भिंत पाडायची म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं, तेही पोळ्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर. आणि भिंतीखाली सात घरांचं धान उभं. ती सात घरंही तिथंच होती, त्याच्याकडेच बघत होती.

"पोळा होऊ दे," हरबाजी म्हणाला. "मग बघू."

हा शब्द ऐकून झेलाचा चेहरा पांढरा पडला. तिनं वाटीतलं लाल पाणी हरबाजीच्या पायांपाशी ओतलं, जवळच्या गाड्याला टेकवलेली सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि सांडव्याकडे निघाली. ती जाताना पळत नव्हती, पण तिच्या मागून पळणाऱ्यांना ती सापडली नाही, असं म्हणतात.

सांडव्यावर तिच्याआधी सायत्रा पोचली होती. आईला सब्बल उचलताना पाहून ती आडवाटेनं धावली होती. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती. मागून बाकीची सहा घरंही आली.

"माय, एकबी दगड हालवू नको," सायत्रा रडत म्हणाली. "माझं धान पोटरीत आलं हाय. माझ्या घरचं पयलं धान. तूच म्हनत होतीस ना, पोरीले जमीन मिळाली!"

झेला थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती एका जागी इतका वेळ उभी राहिली. मग तिनं ते सांगितलं जे तिनं सुकरूलाही सांगितलं नव्हतं.

"मी नऊ वर्साची होती, सायत्रा. आमच्या गावालेबी तलाव होता, अशीच पाळ होती. एका सकाळी मी पाळीखाली गेली तर पानी लाल. घरी येऊन बाबाले सांगितलं. बाबा दोरी वळत होता. म्हने, बरं, बघू. मी पुन्हा नाई सांगितलं. मले वाटलं, मोठ्या मानसाले सांगितलं, झालं. मी टेकडीवर सात्याच्या अळंब्या वेचाले गेली. पावसात लई उगवल्या होत्या, लुगड्याचा वटा भरला. मग मोठा आवाज आला. मी वरून पाह्यलं."

ती एवढंच बोलली. काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

"मी एकदाच सांगितलं होतं, सायत्रा," झेला म्हणाली. "एकदाच."

सायत्रानं वळून आपल्या बांधीकडे पाहिलं. धान वाऱ्यानं हलत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि भिंतीला हात लावला.

"कोनता दगड आधी, माय?"

"वरचा," झेला म्हणाली. "वरून एकेक थर काढाचा, म्हनजे पानी एकदम येनार नाई. आनि कोनीतरी आखराकडे पळा. लेकरं, म्हातारे टेकडीवर न्या. बैल सोडून द्या, ते आपली वाट जानतात."

मायलेकी दगड काढू लागल्या. थोड्या वेळानं ती सहा घरंही हात लावू लागली. ज्यांनी आपल्या हातांनी रोवणी केली होती, त्यांनीच आपल्या धानावर पाणी सोडलं. पाणी आधी गुडघाभर, मग कमरेएवढं, मग फेसाळत त्या सात बांध्यांवरून गेलं. धान आडवं झालं आणि दिसेनासं झालं. कोणी रडलं नाही. सगळे बघत उभे राहिले, आणि मग फावडी घेऊन पाळीकडे धावले.

कारण धोका टळला नव्हता. तलाव बोटा-बोटानं उतरत होता, पण मोहाखालची धार आता मांडीएवढी झाली होती. पाळ थरथरत होती. बैलाच्या पाठीवर माशी बसली की कातडी कशी थरथरते, तशी. हरबाजी तिथं उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत पाळीचा एक ढिगारा खाली घसरला, आणि तो माणूस जागा झाला. त्यानं पागोटं फेकून दिलं.

"चिखल आना!" तो ओरडला. "बोळा कोंबा! तोंड बुजवा!"

"तोंड बुजवू नका!" सांडव्याकडून झेलाचा आवाज आला. ती पाळीखालून चालत येत होती. "इथं बुजवलं तर पानी दुसरीकडून फुटन. मालक, भात शिजला की पेज कशी गाळता? पेज जाऊ देता, भात ठेवता. तसंच कराचं. पानी जाऊ द्या, माती ठेवा. आधी रेती टाका. रेतीवर बारीक खडे. खड्यावर मोठे गोटे."

हरबाजीनं तिच्याकडे पाहिलं. गावाला वाटलं, आता हा काही बोलेल. त्यानं एक टोपली उचलली आणि नाल्याच्या रेतीकडे धावला. मालगुजाराच्या डोक्यावर टोपली गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग सगळं गाव लागलं. टोपल्या कमी पडल्या तर लुगड्यांतून रेती आणली, बैलांच्या झुलींतून खडे आणले. धार रेती उडवून लावायची, ते पुन्हा टाकायचे. झेला त्या धारेत पाय रोवून उभी राहिली आणि सांगत राहिली, इथं टाका, तिथं टाका. आणि जेव्हा ती धारेत नव्हती, तेव्हा पाळीवर चालत होती. तिला अडवायला आता तिथं कोणी बसलेलं नव्हतं. तीन दिवस आणि तीन रात्री ती चालली. जिथं पाळ थरथरायची तिथं जाऊन ती पाय टेकवायची, आणि पाळ शांत व्हायची. दुसऱ्या टोकाला थरथरली की तिकडे जायची. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी लोक तिची पावलं मोजायला गेले तर पाळीवर पावलं नव्हती. जिथं जिथं तिचं पाऊल पडलं, तिथं तिथं हरळी उगवली होती. आजही आमच्या पाळीवर जी हरळी आहे, तिची मुळं हातभर खोल जातात आणि माती मुठीत धरल्यासारखी धरून ठेवतात.

चौथ्या दिवशी सकाळी हरबाजीनं स्वतः वाटी धारेखाली धरली. उजेडात नेली. तळ दिसत होता.

झड ओसरली, पाणी उतरलं, लोक घरी परतले. हरबाजीनं झेलाला बोलावणं पाठवलं. ती दारात आली तर तो उठून उभा राहिला.

"झेलाबाई, या. बसा," तो म्हणाला. आजवर तो तिला झेला म्हणायचा आणि अरेतुरे करायचा.

"बसवत नाई मले, मालक."

मग तोही बसला नाही. दोघं उभ्यानंच बोलले. "तुम्ही महिनाभर माझ्या दारात येत होत्या," हरबाजी म्हणाला. "मी ऐकत होतो. ऐकत नव्हतो असं नाई. रोज ऐकत होतो, आनि रोज वाटत होतं, आज हो म्हटलं तर काल नाई काऊन म्हटलं, असं लोक विचारतील."

झेला म्हणाली, "मोहाचं खोड उन्हाळ्यात खना."

हरबाजीनं खोड खणलं. मुळ्या खरंच सडल्या होत्या, नळ्या झाल्या होत्या. एका नळीतून तर बेडूक निघाला. ती सगळी जागा त्यानं पार तळापर्यंत उकरली, थराथरानं माती भरली आणि प्रत्येक थर बैलांकडून तुडवून घेतला. सांडव्याची भिंत पुन्हा बांधली नाही. सांडव्याखालची वाट मोकळी ठेवली, आणि त्या सात घरांना आपल्या स्वतःच्या बांध्यांतल्या सात बांध्या दिल्या, चांगल्या, तुडमाजवळच्या. सायत्राच्या वाट्याला जी आली तिच्यात पहिल्याच वर्षी इतकं धान झालं की ठेवायला ढोल्या पुरल्या नाहीत, असं म्हणतात.

आता पाळ पक्की झाली होती. झेलाबाईनं आता तरी बसावं, असं सगळ्यांना वाटलं. सायत्रानं तिच्यासाठी बाज विणून घेतली. झेलाबाई त्या बाजेला हात लावायची, चांगली विणली म्हणायची, आणि चालायला जायची. पण आता तिचे पाय पाळीच्या टोकाला जाऊन परत फिरायला कुरकुर करायचे. टोकाला ती उभी राहायची आणि पुढच्या टेकड्यांकडे बघायची. त्या टेकड्यांमागंही गावं होती, प्रत्येक गावाला तलाव होता, प्रत्येक तलावाला कोणा ना कोणाची पाळ होती.

पुढच्या मृगाच्या आधी एका सकाळी ती अशीच चालत गेली आणि टोकावरून परत फिरली नाही.

सायत्रा तिला शोधायला निघाली. पहिल्या गावी विचारलं. लोक म्हणाले, "हो, आज सकाळी एक बाई आली होती. आमच्या पाळीवरून चालली, तुडमापाशी ओल हाय म्हनाली, आनि गेली." सायत्रा दुसऱ्या गावी गेली. तिथले म्हणाले, "आज सकाळीच आली होती. सांडव्यातली झाडं काढा म्हनाली." तिसऱ्या गावी, चौथ्या गावी तेच. सायत्रा आठ दिवस फिरली, वीस गावं फिरली, आणि प्रत्येक गावानं तिला एकच सकाळ सांगितली. एका बाईनं एका सकाळी वीस पाळी चालून पाहिल्या होत्या. ती दमलेली होती का, असं सायत्रानं शेवटच्या गावी विचारलं. तिथली एक म्हातारी म्हणाली, "दमलेली नव्हती, पोरी. घाईत होती."

सायत्रा घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं चपला काढल्या आणि पाळीवर गेली.

त्याला आता किती पिढ्या झाल्या. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, साहेब बदलत राहिले. पण मृगाच्या आधीच्या रविवारी पाळ चालून झाल्याशिवाय मोहबोडीत चूल पेटत नाही. सगळं गाव अनवाणी पाळीवर जातं, म्हातारे काठी टेकत आणि लहान मुलं कडेवर. पाळीवर उगवलेलं रोप दिसलं की उपटतात, बीळ दिसलं की भरतात, सांडव्यातला गाळ काढतात. चालणं पूर्ण होईपर्यंत कोणी खाली बसत नाही. आणि शेवटी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस मधोमध उभा राहून मोठ्यानं विचारतो, "कोनाले काई जानवलं का?"

मग जो बोलेल त्याचं ऐकायचं. तो गावचा असो की पाहुणा असो, शहाणा असो की वेडा. त्यानं दाखवलेली जागा खणून पाहायची, असा नियम आहे.

गेल्या साली त्या रविवारी एक कासार बांगड्या विकायला गावात आला होता. गाव रिकामं पाहून तोही लोकांमागून पाळीवर आला. म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा तो भीत भीत म्हणाला, "मी परगावचा हाय जी. मले यातलं काई समजत नाई. पन त्या दगडापाशी पाय जरा दबल्यासारखा वाटला."

साऱ्या गावानं फावडी उचलली. दुपारपर्यंत पुरुषभर खोल खणलं. खाली काही नव्हतं. खेकड्याचं बीळ नव्हतं, मूळ नव्हतं, ओल नव्हती. घट्ट, कोरडी, लाल माती होती. बिचारा कासार शरमून मान खाली घालून उभा होता.

लोकांनी माती परत भरली, थराथरानं ठोकली, वर हरळी लावली. मग बायकांनी त्याला गावात नेलं, आधी जेवू घातलं, आणि सगळ्याजणींनी त्याच्याकडून बांगड्या भरल्या. कोणी हसलं नाही.